रंगीत पिल्लू तिसऱ्या दिवशी का मरते?

ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत आठवडी बाजाराच्या तोंडाशी, नाहीतर शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर, पुठ्ठ्याचे खोके घेऊन एखादा विक्रेता बसलेला असतो. खोक्यात गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले चिवचिवत असतात. मूल हट्टाला पेटते आणि पिल्लू घरी येते. त्याला बुटाचा खोका मिळतो, तांदळाची कणी मिळते, वाटीभर पाणी मिळते. पहिला दिवस धमालीत जातो. दुसऱ्या दिवशीही ते बऱ्यापैकी पळते. तिसऱ्या दिवशी मात्र पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभे राहते आणि चौथ्या दिवशीची सकाळ पाहत नाही. घरात निकाल लागतो : रंगाने मेले.

रंग अगदी निर्दोष आहे असे नव्हे. ओले पिल्लू गारठते आणि हा रंग भिजवूनच चढवलेला असतो. पण बिनरंगी पिल्लू आणले असते तरी बहुधा हेच झाले असते. पिल्लू दोन दिवस का जगले आणि नेमके तिसऱ्या दिवशी का खचले, हे ज्याला कळले त्याच्या हाती कुक्कुटपालनाचा पहिला धडा आला. ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडची शेड आहेत, भिवंडीजवळची गावे आहेत, कल्याण-डोंबिवलीच्या गावठाणांत अजूनही मागच्या दारी गावठी कोंबड्या आहेत. तिथल्या तरुणांना कोंबडी आणि ससा पाळायला शिकवायचे, तर सुरुवात अनुदानाच्या अर्जापासून न करता या मेलेल्या पिल्लापासून करावी.

पोटातली शिदोरी

अंड्यात पिल्लू तयार व्हायला २१ दिवस लागतात. कवच फोडण्याच्या जरा आधी, उरलेला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. ही त्याची शिदोरी. तिच्यावर ते दोन ते तीन दिवस काही न खाता-पिता तग धरू शकते. निसर्गात याचा उपयोग सरळ आहे. खुडूक कोंबडीखालची सगळी अंडी एकाच क्षणी फुटत नाहीत. शेवटचे पिल्लू बाहेर येईपर्यंत पहिल्याला थांबावे लागते. माणसाने याच सोयीवर धंदा उभारला. एका दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून शेकडो किलोमीटर दूर पाठवता येतात ती यामुळेच.

बाजारातले रंगीत पिल्लू घरी येते तेव्हा ही शिदोरी थोडीच उरलेली असते आणि तिच्यावरच ते पहिले दोन दिवस पळते. त्याने कणी नीट टिपली आहे की नाही, पाणी कुठे आहे ते त्याला कळले आहे की नाही, हे कोणी पाहिलेले नसते. त्यात दुसरी गोष्ट अशी की नव्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसे नसतात. मोठ्या कोंबडीचे शरीर ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान राखते. पिल्लाला पहिले दोन आठवडे ते स्वतःच्या बळावर जमत नाही. डोंबिवलीतल्या फ्लॅटमधली रात्र माणसाला उकाड्याची वाटते, पिल्लाला ती थंड असते. गारठलेले पिल्लू हलत नाही, हलत नाही म्हणून खात नाही, आणि पोटातला बलक संपला की कोसळते.

ही पिल्ले इतकी स्वस्त का मिळतात, याचे उत्तर अंड्याच्या व्यवसायात आहे. अंडी देणाऱ्या जातींचे नर अंडी देत नाहीत आणि मांसासाठी फायद्याचे ठरावेत इतक्या वेगाने वाढतही नाहीत. उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे केले जातात आणि नको असलेले नर कवडीमोलाने बाहेर पडतात. मुलाच्या हातातले गुलाबी पिल्लू बहुतेक वेळा असाच एक नाकारलेला कोंबडा असतो.

तापमापक असूनही पिल्लांकडे पाहायचे

शेडमध्ये आईची ऊब द्यायला ब्रूडर असतो. वर पत्र्याची किंवा बांबूची टोपली, आत बल्ब, खाली भाताचे तूस, तुसावर पहिले काही दिवस वर्तमानपत्र आणि भोवती पत्र्याचे गोल कुंपण. कुंपण गोल ठेवायचे कारण असे की कोपरा मिळाला की घाबरलेली पिल्ले तिथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. वर्तमानपत्रावर मक्याचा भरडा पसरला म्हणजे चोच मारली की आवाज होतो, एकाचे पाहून दुसरे टिपू लागते. खोक्यातून काढताना प्रत्येक पिल्लाची चोच एकदा गुळाच्या पाण्यात बुडवायची. पाणी कुठे आहे हे त्याला दाखवणारे दुसरे कोणी नसते.

नवशिके पोर तापमापकाकडे पाहत बसते. जाणता माणूस दारात उभा राहून पिल्ले कशी पसरली आहेत ते पाहतो. बल्बखाली गठ्ठा करून मोठ्याने चिवचिवत असतील, तर गारठली आहेत. कुंपणाला चिकटून चोच उघडून धापा टाकत असतील, तर ऊब जास्त झाली. सगळी एकाच बाजूला सरकली असतील, तर दुसऱ्या बाजूने वारा घुसतो आहे. सगळीकडे विखरून काही खाताहेत, काही पसरून झोपलीत, तर बरोबर. संध्याकाळी दहा-पंधरा पिल्ले उचलून गळ्याखालची अन्नपिशवी बोटाने चाचपायची. ती भरलेली आणि मऊ लागली तर दाणा आणि पाणी दोन्ही पोचले. कडक लागली तर पाणी कमी पडते आहे. रिकामी लागली तर रात्रीच काहीतरी करायला हवे.

*चौकट : पहिले पाच आठवडे*

*पहिला आठवडा – ब्रूडरखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस. त्यानंतर दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी.*
*बल्ब – दर पिल्लामागे १ ते २ वॅट, ऋतू पाहून.*
*तूस – दोन ते तीन इंच, कोरडे, रोज हलवलेले.*
*लसी – मरेक पहिल्या दिवशी उबवणी केंद्रातच. रानीखेत (लासोटा) ५ ते ७ व्या दिवशी. गंबोरो साधारण १४ व्या दिवशी. रानीखेतची पुनरावृत्ती चौथ्या आठवड्याच्या सुमारास. जात आणि भाग पाहून पशुवैद्यक यात बदल करतात.*
*वीज – पर्यायी सोय ठेवावीच. जानेवारीच्या रात्री मुरबाडला दोन तास दिवे गेले तर पहिल्या आठवड्याची बॅच हातची जाते.*

नळाच्या पाण्यात मेलेली लस

रानीखेत हा कोंबड्यांचा सर्वांत धाकाचा रोग. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि शेड रिकामे होते. त्याची लस उपलब्ध आहे, स्वस्त आहे, तरी लस दिलेल्या बॅचमध्ये रोग आल्याच्या तक्रारी येतच राहतात. दोष बऱ्याचदा लशीत नसतो, पाण्यात असतो.

लासोटा ही जिवंत लस आहे. कुपीत सौम्य केलेला विषाणू वाळवून ठेवलेला असतो. तो पक्ष्याच्या शरीरात जिवंत पोचला तरच शरीर त्याला ओळखून तयारी करते. मोठ्या बॅचला ही लस पिण्याच्या पाण्यातून देतात. आता ठाणे-कल्याणच्या नळाचे पाणी पाहा. ते रोगजंतू मारण्यासाठी क्लोरीन घालून येते. क्लोरीनला रोगाचा विषाणू आणि लशीचा विषाणू यांतला फरक कळत नाही. सकाळी नळाच्या पाण्यात लस कालवली की पक्ष्यांच्या चोचीपर्यंत पोचेतो त्यातला बराच विषाणू संपलेला असतो. पैसे खर्च होतात, नोंदवहीत ‘लस दिली’ अशी नोंद होते आणि शेड मात्र उघडेच राहते.

उपाय घरगुती आहे. पाण्यात आधी साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळायची. दुधातली प्रथिने क्लोरीनला आपल्यात अडकवतात आणि लशीला त्याची झळ लागत नाही. विहिरीचे किंवा क्लोरीन नसलेले दुसरे स्वच्छ पाणी असेल तर उत्तमच. त्या दिवशी पाण्याच्या भांड्यांना जंतुनाशक लावायचे नाही. लस देण्याआधी तास-दोन तास पाणी बंद ठेवायचे, म्हणजे पक्षी तहानेने दोन तासांच्या आत सगळे पितील. कुपी २ ते ८ अंशांत, बर्फाच्या डब्यातून आणायची. स्कूटरच्या डिकीत दुपारी तासभर फिरलेली कुपी फेकून द्यावी हे बरे. अशी एक सकाळ कोणाच्या तरी हाताखाली प्रत्यक्ष केली की ती आयुष्यभर लक्षात राहते. फळ्यावर लिहून दिलेले ‘लसीकरण वेळापत्रक’ परीक्षेपुरतेच उरते.

कोकणचा पावसाळा, ओले तूस

शहापूर-मुरबाड भाताचा भाग असल्याने तूस मुबलक मिळते. मात्र याच भागात चार महिने हवा ओली असते. तूस ओले झाले की विष्ठेतून अमोनिया सुटतो. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले तर पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनलिका तिथे चोवीस तास आहेत हे ध्यानात घ्यावे. श्वासनलिकेचे संरक्षण ढासळले की साधा जंतूही आत शिरतो.

रक्ती हगवणीचे बीजही तुसातच असते. कॉक्सिडिया नावाच्या परजीवीची सूक्ष्म बीजे विष्ठेतून पडतात. पडल्या पडल्या ती धोक्याची नसतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली तर एक-दोन दिवसांत ती रोग देण्याजोगी पिकतात. कोरड्या तुसात पिकत नाहीत. म्हणून गळकी पाण्याची भांडी दुरुस्त करणे, त्यांच्याखालचे ओले तूस रोज उचलणे, चुना मिसळून तूस हलवणे, हे काम औषधाच्या बाटलीइतकेच मोलाचे आहे, आणि स्वस्तही.

पावसाळ्यातले दुसरे संकट खाद्याच्या गोणीत लपते. मका किंवा शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागली की ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. याचा शोध एका मोठ्या मरीतून लागला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शेवटी धागा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोचला. हे विष यकृत पोखरते आणि शिजवल्याने जात नाही. गोणी जमिनीवर आणि भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावी, खराब वास आलेला मका ‘कोंबड्यांनाच तर घालायचाय’ म्हणून वापरू नये. ही सवय ज्या पोराला लागली, त्याच्या अंड्याचा दर्जा खाणाऱ्याला न दिसताही वाढलेला असतो.

उन्हाळ्यातल्या अंड्याची गोष्ट वेगळीच. एप्रिल-मेमध्ये ट्रेमधली अंडी जास्त तडकतात, दुकानदार वाहतुकीला दोष देतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर टाकून अंग थंड करते. ठाण्याच्या दमट हवेत ही वाफ सहज सुटत नाही, म्हणून ती आणखी जोरात धापा टाकते. त्यासरशी रक्तातला कार्बन डायऑक्साइडही बाहेर जातो. अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि त्यातला कार्बोनेट येतो या कार्बन डायऑक्साइडमधूनच. माल कमी पडला की कवच पातळ होते. खाद्यातला शिंपला वाढवून पुरता फरक पडत नाही. दाणा पहाटे आणि संध्याकाळी द्यायचा, छपराला पांढरा रंग द्यायचा, पाणी गार ठेवायचे, हे त्याहून कामी येते.

वेहळोली आणि कोपरी

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत एका पोल्ट्रीत सुमारे १०० कोंबड्या मेल्या. नमुने तपासले, बर्ड फ्लूचे निदान झाले आणि आसपासच्या एक किलोमीटर परिसरातले हजारो पक्षी मारून पुरावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये हाच रोग ठाणे पूर्वेच्या कोपरीत पाळीव कोंबड्यांमध्ये आढळला. एक ठिकाण घाटाकडच्या गावात, दुसरे रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याजोगे. महाराष्ट्राला या रोगाची पहिली ओळख झाली ती फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. देशातली ती पहिलीच नोंद होती.

या रोगाचा विषाणू रानबदके आणि पाणथळीतल्या पक्ष्यांच्या पोटात राहू शकतो, बऱ्याचदा त्यांना फारसे आजारी न करता. ठाणे खाडी तर अशा पाहुण्यांचे माहेरघर. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. खाडीकाठच्या गावठाणात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या आणि जंगली पक्षी एकाच डबक्यावर येऊ नयेत, ही काळजी इथे पुस्तकी नाही. दाणा-पाणी छपराखाली ठेवायचे, बदके आणि कोंबड्या एकत्र पाळायच्या नाहीत, शेडसाठी वेगळ्या चपला ठेवायच्या, दुसऱ्याच्या पोल्ट्रीत जाऊन आल्यावर आंघोळ केल्याशिवाय आपल्या शेडमध्ये शिरायचे नाही. दाराशी जंतुनाशकाचे पाय-कुंड असते, पण चपलेला लागलेली विष्ठा आधी घासून काढली नाही तर त्याचा उपयोग नाही. जंतुनाशकाची ताकद त्या घाणीवरच खर्च होते.

खरी कसोटी मात्र पक्षी मरू लागल्यावर असते. अचानक बरीच मर दिसली की नवख्याच्या मनात दोन विचार येतात : उरलेले पक्षी आजच्या आज विकून टाकू, किंवा मेलेले नाल्यात टाकू. दोन्हींमुळे रोग गावभर होतो. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवायचे नाही, पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवायचे. नुकसानभरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून लपवण्यात पैशांचेही नुकसान आहे. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने कळवणे बंधनकारकही आहे. खाणाऱ्यांसाठी एवढेच : ७० अंशांवर नीट शिजलेल्या मांसात आणि अंड्यात हा विषाणू टिकत नाही.

इंजेक्शनची अफवा आणि औषधाचे सत्य

‘ब्रॉयलर चाळीस दिवसांत दोन किलोचा होतो म्हणजे हार्मोनचे इंजेक्शन देत असणार’ हे वाक्य प्रत्येक सोसायटीत ऐकू येते. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला पकडून रोज सुई कोण टोचणार, हा साधा प्रश्न कोणी विचारत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या अफवेला पुरेसा आहे. १९५७ सालच्या आणि २००५ सालच्या जातींचे पक्षी एकाच खाद्यावर वाढवले. ५६ व्या दिवशी जुन्या जातीचा पक्षी भरला सरासरी ९०५ ग्रॅम, नव्या जातीचा ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, फरक पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीचा.

काळजी करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे प्रतिजैविके. आजारी पक्ष्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध देणे योग्यच. पण रोग येऊ नये म्हणून रोज थोडे थोडे पाण्यातून देत राहिले, तर कमजोर जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे उरतात, वाढतात. तेच पुढे माणसापर्यंत येतात. माणसांच्या गंभीर आजारात शेवटचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन भारतात कुक्कुटखाद्यात वजनवाढीसाठी सर्रास वापरले जाई. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली.

औषध दिल्यानंतर ते शरीरातून निघून जायला ठरावीक दिवस लागतात. बाटलीवर ते छापलेले असतात. तेवढे दिवस पक्षी किंवा अंडी विकायची नाहीत. करार पद्धतीच्या शेडमध्ये पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनी पाठवते, शेडमधला तरुण फक्त सांगितलेले ओततो. त्याला बाटलीवरचे नाव, प्रमाण आणि तारीख नोंदवहीत लिहायची सवय लावणे ही प्रशिक्षणाची किमान अपेक्षा असायला हवी. अमेरिकेत फोर-एच या युवक-चळवळीत कोंबड्या आणि ससे पाळणाऱ्या ८ ते २१ वयोगटातल्या मुलांसाठी अन्नसुरक्षा आणि प्राण्यांची निगा यांचे स्वतंत्र प्रशिक्षण आहे. आपल्याकडे दहावीची मुले शेडमध्ये बापाला मदत करतात, पण त्यांना हे कोणी बसवून सांगत नाही.

ससा : शिक्षक चांगला, धंदा जपून

डोंबिवलीत ससा आढळतो तो बाल्कनीत, गाजर खाताना. त्याच्याविषयीच्या समजुती तिथेच तयार झाल्या आहेत. ससा पाणी पीत नाही, हा समज सर्वांत जीवघेणा. पिंजऱ्यात चोवीस तास स्वच्छ पाणी लागतेच. गाजर गोड असते, ते क्वचितच. त्याचे मुख्य अन्न वाळलेले गवत. दात आयुष्यभर वाढत राहतात आणि चघळण्यानेच झिजतात. शिवाय त्याला उलटी करता येत नाही, म्हणून चुकीचे खाल्ले तर सुटका नाही.

सशाचे पोट समजून घेण्यासारखे आहे. पालापाचोळ्यातली सगळी पोषणद्रव्ये एका फेरीत निघत नाहीत. आतड्याच्या एका मोठ्या पिशवीत जंतू ते आंबवतात, पण ही पिशवी शोषणाच्या जागेच्या पुढे असते. त्यावर सशाने उपाय काढला. तो रात्री किंवा पहाटे मऊ, घोसासारख्या लेंड्या टाकतो आणि थेट तोंडात घेऊन गिळतो. दुसऱ्या फेरीत जंतूंनी बनवलेली प्रथिने आणि जीवनसत्त्वे मिळतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा आजार वाटतो. उलट ज्या सशाच्या पिंजऱ्यात मऊ लेंड्या सकाळी तशाच पडून आहेत, त्याची चौकशी करावी.

मादी साधारण ३१ दिवसांनी विते. त्याआधी स्वतःच्या अंगाचे केस उपटून खोक्यात अंथरते. पिल्ले उघडी आणि आंधळी असतात, डोळे दहाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. आई त्यांना दिवसातून एकदाच, तेही काही मिनिटे, पाजते. घाबरलेली मुले ‘आईने टाकली’ म्हणून ड्रॉपरने गाईचे दूध पाजायला धावतात आणि पिल्ले मारतात. पिल्लांची पोटे गोल आणि गरम असतील तर आई तिचे काम करते आहे. सशाला कान धरून उचलायचे नाही. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली. मागचे पाय अधांतरी राहिले तर तो इतक्या जोराने झटका देतो की स्वतःचाच कणा मोडू शकतो.

निरीक्षण, स्वच्छता, वंशावळीची नोंद, हे सगळे शिकवायला ससा उत्तम. पण ठाण्याच्या हवेत तो हालच भोगतो. त्यालाही घाम येत नाही, कानांतल्या रक्तवाहिन्यांतून उष्णता बाहेर टाकणे हाच त्याचा मुख्य मार्ग, आणि पारा ३० च्या वर गेला की तो अपुरा पडतो. नर काही काळ वांझ होतात. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला यांसारख्या जातींवर संशोधन करणारे एक केंद्र तमिळनाडूत कोडाईकनालजवळच्या मन्नवनूरला, थंड डोंगरावर आहे, यातच बरेच आले. शिवाय सशाच्या मांसाला कल्याणच्या बाजारात रोजचे गिऱ्हाईक नाही. रानसशाचा तर विचारही नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे.

गटारीचे गणित

पक्षी निरोगी वाढला तरी तो कधी विकायला येतो यावर पैसे ठरतात. ब्रॉयलरची बॅच साधारण ४० दिवसांची. गटारीला मागणी शिखरावर असते आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. ज्याची बॅच चार दिवस उशिरा तयार झाली त्याला भाव मिळत नाही, आणि थांबवून ठेवली तर पक्षी खात राहतो. दोन किलोचा पक्षी तोवर तीन किलोहून थोडे जास्त खाद्य खाऊन बसलेला असतो आणि खर्चाचा दोनतृतीयांश वाटा खाद्याचाच असतो. म्हणून तारीख उलटी मोजायची : गटारीच्या आधी आठ दिवस लिफ्टिंग (म्हणजे पक्षी विक्रीसाठी उचलणे), त्याआधी ४० दिवस पिल्ले, त्याआधी शेड धुऊन दोन आठवडे रिकामे. हा रिकामा काळ वाया जात नाही, आधीच्या बॅचचे जंतू यजमान न मिळाल्याने तेवढ्यात बरेच मरतात. आणि गटारीची आस सगळ्यांनाच असल्याने पिल्लांचे भावही त्या सुमारास चढतात, हेही हिशेबात धरावे.

ठरलेल्या भावाने सगळा माल परत विकत घेऊ, असे सांगणाऱ्या योजनांपासून तरुणांनी दूर राहावे. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून चालवलेली कडकनाथची अशीच योजना कोसळली आणि अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कडकनाथ पक्षी खोटा नव्हता. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. खोटी होती ती मागणी. अंडी आणि पक्षी खाणाऱ्याला विकले जात नव्हते, पुढच्या गुंतवणूकदाराला विकले जात होते. ससा, इमू, बटेर, कोणाच्याही नावाने असे आमंत्रण आले की एकच विचारावे : शेवटी हे खातो कोण, आणि कुठे?

शिकायचे कुठे

गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. पालघर वेगळा होण्याआधी, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पर्यंत, ठाणे जिल्ह्यातच असलेल्या कोसबाडला गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि ग्रामीण युवकांना प्रशिक्षण देणे हे अशा केंद्रांच्या कामाचाच भाग आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम केले ते याच कोसबाडला.

पद्धतीचा नमुना हवा असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली मुलेही हाताने काम करत शिकतात, या विश्वासावर. पुढे याच पद्धतीचा ‘मूलभूत तंत्रज्ञान परिचय’ हा विषय राज्यातल्या अनेक शाळांत गेला. त्यात शेती-पशुपालन आहे, अभियांत्रिकी आहे, ऊर्जा आहे, आरोग्य आहे. मुले पक्षी वाढवतात, खाद्य तोलतात, वजन तोलतात आणि एक किलो वजनाला किती खाद्य लागले हे स्वतः भागाकार करून काढतात. गणिताचा भागाकार ज्याला वर्गात जमला नाही, त्याला तो तराजूपाशी जमतो.

ठाणे-कल्याणजवळ असे प्रशिक्षण आखायचे तर ते तीन दिवसांच्या व्याख्यानांत बसणार नाही. पन्नास पिल्ले, एक ब्रूडर, एक तराजू, एक नोंदवही आणि ४० दिवस हवेत. नोंदवहीत रोज सहा गोष्टी : किती मेले, किती खाद्य खाल्ले, किती पाणी प्यायले, सकाळचे आणि दुपारचे तापमान, दिलेली लस किंवा औषध, आणि शेडमध्ये कोण आले-गेले. पाण्याचा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात. पक्षी आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी खाद्याच्या आधी पाणी पिणे घटते, म्हणून तो रकाना पहिला भरायला लावावा.